जाड पेन्सिलीचं माहात्म्य

सीमा आखणाऱ्यांना नावं ठेवायची आपल्याला खोड आहे. रॅडक्लिफसाहेब पाच आठवड्यांत देश चिरून निघून गेले म्हणून आपण आजही बोटं मोडतो. हा निव्वळ कृतघ्नपणा झाला. आखणी ही कला आहे आणि तिचे खरे उस्ताद पाहायचे तर जेरुसलेमला जावं लागतं.

30 नोव्हेंबर 1948 रोजी त्या शहराच्या मुसरारा भागातल्या एका ओसाड घरात इस्रायलचे सेनाधिकारी मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल शस्त्रसंधीची रेषा आखायला नकाशा पसरून बसले. हाती मेणाच्या पेन्सिली, दायान यांची हिरवी, अल-तल यांची लाल. नकाशा 1:20,000 प्रमाणाचा. पेन्सिलीला टोक काढण्याचा क्षुद्रपणा कोणी केला नाही. त्यामुळे रेघ तीन-चार मिलिमीटर जाड उमटली आणि जमिनीवर ती साठ ते ऐंशी मीटर भरली. घरं, गल्ल्या, अंगणं सगळी रेघेच्या पोटात. मग रेघेची जाडी कोणाच्या मालकीची, यावर पुढची एकोणीस वर्षं अधिकारी वाद घालत राहिले. एका बोथट पेन्सिलीने इतक्या माणसांना इतकी वर्षं काम पुरवल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

दोन रेघांच्या मधली जमीन कोणाचीच नव्हती. 1956 साली सीमेलगतच्या फ्रेंच इस्पितळातल्या एका रुग्णाची कवळी खिडकीतून नेमकी तिथे पडली. दोन्ही देशांची संमती, संयुक्त राष्ट्रांचा अधिकारी, पांढरं निशाण आणि नन्स असा लवाजमा गवतात उतरला. कवळी सापडली. शांतता प्रक्रियेचं इतकं निर्विवाद यश त्या शहरात पुन्हा पाहायला मिळालेलं नाही.

पण माझा जीव जडलाय तो शहराच्या दक्षिणेच्या बैत सफाफा या अरब गावावर. इथे पेन्सिलीपेक्षा थोर अशी आगगाडी कामी आली. याफा ते जेरुसलेम लोहमार्ग 1892चा, तुर्की अमदानीतला. 3 एप्रिल 1949 रोजी ऱ्होड्स बेटावर युद्धबंदीचा करार झाला तेव्हा हा मार्ग अखंड इस्रायलकडे राहावा असं ठरलं. रूळ तोडणं मूर्खपणाचं ठरलं असतं, म्हणून गाव तोडलं. रुळांकडचा उत्तर भाग इस्रायलला, दक्षिण भाग जॉर्डनला आणि मधल्या मुख्य रस्त्यावरून काटेरी तारांचं कुंपण. 1998 नंतर जेरुसलेमच्या जुन्या स्थानकात गाडी येत नाही. तिथे आता हॉटेलं आणि दुकानं आहेत, आणि रुळांच्या वाटेवर सायकलवाल्यांसाठी बाग केली आहे. ज्या लोहमार्गासाठी गाव चिरलं त्यावर लोक सकाळी पोट कमी करायला धावतात. गुंतवणूक वाया गेली असं कोण म्हणेल?

कुंपणाने गावाला जे वळण लावलं ते तर वाखाणण्यासारखं. वऱ्हाड एका बाजूला आणि नवरीचा मामा पलीकडे असला, तर लग्न कुंपणाच्या कडेलाच लावायचं, म्हणजे पलीकडच्यांना तारेतून बघता येतं. कोणी गेलं तर अंत्ययात्रा कुंपणालगत न्यायची. दोन्हीकडे सैनिक पहाऱ्याला उभे. आमच्याकडे कार्यालयात तीनशे पानं उठतात तरी काका रुसून बसतो. तिथे काकाला रुसायचं तर आधी सरहद्द ओलांडावी लागली असती, आणि ती सोय शहरभर एकाच नाक्यावर, मँडेलबाम गेटला. तीही गाववाल्यांसाठी नव्हे.

1967च्या जूनमध्ये युद्ध झालं, जॉर्डनकडचं पूर्व जेरुसलेम आणि गावाचा दक्षिण भाग इस्रायलने घेतला, कुंपण निघालं, गाव एक झालं. इतकी सरळ गोष्ट कोणत्याही सरकारला रुचणार नाही, तशी ती इस्रायलच्या सरकारलाही रुचली नाही. उत्तरेकडचे लोक आधीपासून इस्रायलचे नागरिक होते. दक्षिणेकडच्यांना मिळाला ‘कायमचा निवास’. एकाच गल्लीतला एक चुलतभाऊ संसदेसाठी मत देतो, दुसरा फक्त महापालिकेसाठी देऊ शकतो. कर मात्र दोघांनाही भरावाच लागतो. तिथे कोणताही भेदभाव नाही.

हा ‘कायमचा’ शब्द फार मनावर घ्यायचा नसतो. हे रहिवासी 1952च्या प्रवेश कायद्याखाली येतात, म्हणजे कागदोपत्री ते बाहेरून आलेले. आजोबा जन्मले त्याच घरात नातू बसलेला असतो आणि राज्य त्याच्या दारात चालत आलेलं असतं, तरी आगंतुक नातूच. त्याच्या जगण्याचं केंद्र जेरुसलेमच आहे हे त्याने सिद्ध करत राहायचं: विजेची बिलं, मुलांच्या शाळेचे दाखले, आर्नोना या महापालिका कराच्या पावत्या. पूर्व जेरुसलेमच्या घरांतून हे कागद जिवापाड जपले जातात. काही वर्षं परदेशी राहिलात, दुसरं नागरिकत्व घेतलंत, की कायमचा निवास संपला. 1967 पासून 14 हजारांहून अधिक पॅलेस्टिनींचा तो असा संपला आहे. रद्दीवाल्याला रद्दी विकताना हात थरथरावा, एवढी शिस्त आपल्या महाराष्ट्रात सातबाऱ्यालाही आणता आलेली नाही.

गावाची जमीनही आळसात पडून राहिली नाही. 1970च्या दशकात शेजारी गिलो ही वस्ती उभी राहिली, तिच्यात बैत सफाफाच्या जमिनीचाही वाटा आहे. पुढे मेनाहेम बेगिन यांच्या नावाचा महामार्ग दक्षिणेला वाढवायचं ठरलं, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या गुश एत्झिऑन या इस्रायली वसाहतींतून येणाऱ्यांना शहरात विनाथांबा शिरता यावं. गाव नेमकं मधे. 2012च्या अखेरीस यंत्रं आली, तेव्हा गाववाल्यांनी विचारलं की आमच्या अंगणातून सहा पदरी रस्ता जातोय, तर तपशीलवार आराखडा आणि हरकती घेण्याची संधी कुठे आहे? त्यांना 1990चा जुना आराखडा दाखवण्यात आला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 2014च्या जानेवारीत अपील फेटाळलं गेलं. रस्ता पूर्ण झाला, आणि गाव दुसऱ्यांदा कापलं गेलं. या खेपेला करारावर कोणा शत्रूची सहीसुद्धा लागली नाही.