दोन सुलट, दोन उलट आणि निफाडचा पारा

नाशकात लोकरीचं काही विणायचं झालं, तर सर्वांत आधी लागतं वर्तमानपत्र. सुया आणि लोकर नंतर. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी ‘नाशिक गारठले, निफाडला हुडहुडी’ असा मथळा दिसतो, त्याखाली कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रात नोंदलेला पाच-सहा अंशांचा आकडा असतो, आणि होतकरू विणकर तडक लोकर आणायला निघतो. पहिली चूक हीच. निफाडचा पारा निफाडच्या द्राक्षांसाठी आहे. तिथल्या मोकळ्या शिवारात निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आभाळाला देऊन मोकळी होते, कधी पानांवरचं दव गोठतं, आणि बागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात. त्यांना खरंच थंडी वाजते. आपण कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर तोच आकडा चहासोबत वाचतो आणि त्यांच्या वतीने कुडकुडतो.

म्हणून आधी स्वतःच्या थंडीचं माप घ्यावं. त्यासाठी सकाळी साडेसहाला गोल्फ क्लब मैदानावर जावं. (कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, पण थंडीत माणूस लांबलचक नावं घेत नाही.) पहिल्या फेरीला सगळे नाकापर्यंत गुंडाळलेले दिसतील. तिसऱ्या फेरीला मफलर सुटतो, पाचव्या फेरीला कानटोपी खिशात जाते. नऊ वाजता मिसळीच्या टेबलावर स्वेटर खुर्चीच्या पाठीला लटकतो आणि साडेदहाला त्याच्या बाह्यांची गाठ मालकाच्या पोटावर बसलेली असते. दुपारी घरात पंखा. हिशोब केला तर नाशिकच्या स्वेटरची नोकरी दिवसाला अडीच तासांची आहे. बाकीचा वेळ तो कंबरेला, स्कूटरच्या डिकीत किंवा कुणाच्या तरी हातात असतो. यावरून आमच्या शाखेचा मूलभूत सिद्धांत निघतो: वस्त्र घालण्यासाठी विणू नये, काढण्यासाठी विणावं. गळा इतका मोकळा असावा की चालत्या गाडीवर मागे बसून डोक्यातून काढता येईल. बाह्या दोन इंच जास्तच ठेवाव्यात, गाठीला लागतात.

याचा अर्थ इथे थंडीच नाही असा कुणी काढू नये. आमच्याकडे त्याचा जुना लेखी पुरावा आहे. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडातला सोळावा सर्ग म्हणजे पंचवटीतल्या हेमंताचं वर्णन. पहाटे गोदावरीवर स्नानाला जाताना लक्ष्मण बोलत सुटतो. तहानलेला रानहत्ती पाण्याला सोंड लावतो आणि झटकन मागे घेतो. पाणपक्षी काठाला बसून राहतात, पाण्यात काही उतरत नाहीत, जसे भित्रे लोक रणात उतरत नाहीत. रामकुंडाच्या पायरीवर जानेवारीत पहाटे उभं राहून पाहा. एक पाय पाण्यात बुडवून परत घेणारी मंडळी हुबेहूब त्या हत्तीसारखी दिसतात. लक्ष्मणाने एवढं सगळं सांगितलं, पण मफलर मागितला नाही, ही बाब विणकरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता मुहूर्त. टाके गणपतीत घालावेत. घामाने लोकर बोटांना चिकटेल, येणारे-जाणारे हसतील, हसू द्यावं. जो थंडी पडल्यावर सुरुवात करतो, त्याचा स्वेटर संक्रांतीला मानेपर्यंत पोहोचतो आणि महाशिवरात्रीला पूर्ण होतो. मग तो एप्रिलमध्ये भेट द्यावा लागतो, आणि घेणारा एका हाताने कैरीचं पन्हं पीत दुसऱ्या हाताने तो स्वीकारतो. ‘भिजत घोंगडं’ हा वाक्प्रचार मराठीत उगीच आलेला नाही.

घोंगड्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्याकडची खरी लोकर आहे ती शेतात मेंढरं बसवायला येणाऱ्या धनगरांच्या कळपात. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ, बरीचशी काळी. तिचं सूत कातायचं, चिंचोक्याची खळ द्यायची, हातमागावर विणायचं, की असं घोंगडं होतं जे पाऊस, वारा आणि नातवंडं तिन्ही सोसतं. पण त्या लोकरीचा गळ्याशी घालायचा मफलर करून पाहण्याचा मोह कुणी धरू नये. मी धरला होता. मान आठवडाभर लाल होती आणि लोकांनी नको ते अर्थ काढले.

बाजारात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुधा अॅक्रिलिक असते. मेंढीने तिला कधी पाहिलेलंही नसतं. खात्री करायची असेल तर एक धागा जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. हा प्रयोग घरी करावा. दुकानात केल्यास दुकानदार फार लवकर दुखावतो. आणि लागेल तेवढी लोकर एकदमच घ्यावी. वेष्टनावर रंगाचा नंबर असतो तसा रंगणीच्या खेपेचाही असतो. रंग तोच पण खेप वेगळी असली तर दिव्याखाली काही कळत नाही. उन्हात मात्र पोटाच्या वर एक माणूस आणि खाली दुसरा दिसतो. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये हिवाळ्यात तयार स्वेटरांचे ढीग लागतात. त्या बाजूला विणकराने सीझन संपेपर्यंत फिरकू नये. आपण चार महिने खपून जे करणार ते तिथे घासाघीस करून चार मिनिटांत मिळतं, हे ज्ञान तब्येतीला चांगलं नाही.

लोकर लडीत मिळाली तर तिचा गुंडा करावा लागतो आणि त्यासाठी दोन हात पुढे करून बसणारा माणूस लागतो. माझ्या आत्याच्या मते विणकामातला सर्वांत उपयुक्त भाग हाच. लडी धरलेला माणूस उठू शकत नाही, फोन घेऊ शकत नाही, कानात बोटं घालू शकत नाही. तिने काकांकडून सोन्याच्या पाटल्या, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि काशीयात्रा ही तिन्ही कामं लडीवरच मंजूर करून घेतली. गुंडा मुद्दाम सैल गुंडाळायची. लवकर संपू नये म्हणून.

सुयांच्या नंबरांनी घाबरून जाऊ नये. नंबर वाढला की सुई बारीक होते: आठ नंबरची चार मिलिमीटर, दहाची सव्वातीन. सुरुवातीला मफलर करावा. आठ नंबरच्या सुईवर ४८ टाके घाला, दोन सुलट, दोन उलट, आणि पाच फूट होईपर्यंत थांबू नका. वीण दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, त्यामुळे थंडीत घाईने कसाही गुंडाळला तरी चालतो. दोनशे ग्रॅम लोकर पुरते. एखादा टाका निसटला तर तो शिडीसारखा खाली उतरत जातो. क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणावा. दहा ओळी खाली गेल्यावर लक्षात आलं, तर त्याला नक्षी म्हणावं आणि पुढच्या बाजूला तसाच दुसरा सोडावा.

कानटोपीला मात्र गणित आहे, आणि पुष्कळ घरांतला कलह इथूनच सुरू होतो. आधी नमुन्याचा तुकडा विणून इंचात किती टाके बसतात ते मोजायचं असतं. कुणीही मोजत नाही. समजा पुस्तकात इंचाला साडेपाच टाके धरून वीस इंचांच्या टोपीला ११० टाके सांगितले आहेत. तुमचा हात सैल, इंचाला पाचच बसतात. टोपी होते बावीस इंचांची. दोन इंच म्हणजे काय, ते नाकाच्या शेंड्यावर टोपीची कड आल्यावर कळतं. शिवाय हात रोज सारखा नसतो. रात्रीच्या मालिकेत सुनेचं कारस्थान उघडकीला येण्याच्या बेतात असलं, की वीण घट्ट होते. जाहिरातीत सैल पडते. माझ्या एका स्वेटरच्या पाठीवर आख्ख्या आठवड्याचं कथानक वाचता येतं.

माकडटोपीची चेष्टा करणाऱ्यांना इतिहास सांगावा. इंग्रजीत तिला बालाक्लावा म्हणतात. क्रिमियातल्या त्या गावाजवळ २५ ऑक्टोबर १८५४ रोजी लढाई झाली आणि तिथल्या थंडीत गारठलेल्या इंग्रज सैनिकांच्या डोक्यावरून हे नाव आलं. त्याच लढाईत घोडदळाला सरळ तोफांच्या तोंडी नेणारा लॉर्ड कार्डिगन. समोरून बटणं असलेला स्वेटर त्याच्या नावाचा. त्यांचा सेनापती लॉर्ड रॅग्लन. वॉटर्लूला त्याचा हात गेलेला होता, आणि गळ्यापासून तिरकी उतरणारी रॅग्लन बाही त्याच्या नावाची. घोडदळाच्या त्या धडकेतून इंग्रजांच्या हाती विशेष काही लागलं नाही, पण विणकामाच्या वर्गांचा अभ्यासक्रम मात्र पूर्ण झाला. एवढं सांगून झालं की चेष्टा करणारा माणूस निमूटपणे टोपी घालतो, किंवा निघून जातो. दोन्ही फायद्याचंच.

लहान बाळाचं टोपरं, कुंची, मोजे याबद्दल मी काही लिहीत नाही. त्या खात्यात आज्ज्यांचा शब्द अखेरचा आहे आणि प्रत्येकीचा शब्द निराळा आहे. एवढंच सांगतो, की बाळ पहिला मोजा तोंडात घालतं आणि दुसरा हरवतं, म्हणून एकाच रंगाचे तीन विणावेत.

धुण्याविषयी मात्र कडक नियम. खऱ्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि वस्त्र आटतं. ज्याला आपण स्वेटर दिला तो गृहस्थ मशीनमध्ये गरम पाणी लावणारच हे गृहीत धरून, त्याला एखादा लहान मुलगा आहे ना, याची आधी चौकशी करावी. ट्रंकेत ठेवताना डांबराच्या गोळ्या टाकाव्यात. लोकरीला कसर लागते. विणणाऱ्याच्या हातात ती आधीच असते.

आणि शेवटी उसवणं. हा भाग पुस्तकांत नसतो. बंद केलेली कड शोधून धागा ओढला, की चार महिन्यांचं काम एका दुपारी सुटतं आणि सुटताना मोठा बारीक, समाधानी आवाज येतो. उसवलेली लोकर कुरळी होते. तिची पुन्हा लडी करून चहाच्या आधणाच्या वाफेवर धरली, की सरळ होते. आत्याची एक मरून लोकर आधी काकांचा बिनबाह्यांचा स्वेटर होती, मग माझी शाळेची बंडी, मग दोन कानटोप्या. गेल्या वर्षी त्या माझ्याकडे आल्या. मी त्या उसवल्या, वाफ दिली, लडी केली. आता तिचा गुंडा करायचा आहे आणि लडी धरायला कुणीतरी हवं आहे. मी लडी घेऊन हॉलमध्ये येऊन बसलो, तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाला अचानक रविवार कारंज्याला काम निघालं आहे.