कल कळला, शाखा ठरलेलीच

दहावीच्या मुलांचा कल कुठे आहे, हे शोधण्यासाठी राज्य मंडळाने २०१६ मध्ये कलचाचणी सुरू केली. अहवालात ललित कला, कृषी, गणवेशधारी सेवा अशी ऐसपैस क्षेत्रे होती. मुलांनी तो उत्सुकतेने वाचला, आईने कौतुकाने फायलीत लावला आणि बाबांनी विज्ञान शाखेचा अर्ज भरला.

मग २०२० मध्ये युनिसेफच्या मदतीने ‘महाकरिअर’ पोर्टल आले. व्यवसाय, शिष्यवृत्त्या, प्रवेशपरीक्षा, सगळे एका जागी. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला, वाणिज्य, विज्ञान यांच्यातल्या भिंती पाडायचेही ठरवले.

भिंतींना हे अजून कोणी कळवलेले दिसत नाही.

अकरावीच्या ऑनलाइन अर्जात २०२५ मध्ये दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम देता आले. गुणवत्ता यादी मात्र लागते टक्क्यांवर. कल विचारणारा रकाना तिच्यात नसतो. भरपूर गुण म्हणजे विज्ञान, बरे म्हणजे वाणिज्य आणि त्याखाली ‘बघू, आयटीआय आहेच’.

समुपदेशनाची खरी यंत्रणा निकालाच्या संध्याकाळी पेढे खायला घरी येते: पुण्याचे मामा, शेजारचे निवृत्त काका आणि कोचिंग क्लासचे माहितीपत्रक घेतलेला हसतमुख तरुण. तिघांचाही सल्ला एकच असतो. तरुणाकडे हप्त्यांची सोयही असते.