उधारी करावी तर मोठ्यांनी

'आज रोख, उद्या उधार.' नकार द्यायचा आणि गिऱ्हाईकही तोडायचं नाही, ही किमया चार शब्दांत साधणारा माणूस नक्कीच गल्ल्यावर बसणारा असणार. उद्या आला की त्याचा आज होतो आणि उधारी पुन्हा एक दिवस पुढे सरकते. पाटीखालीच दुकानदार मुकाट्याने वहीत 'दोन चहा, एक क्रीमरोल' लिहून घेत असतो, ते वेगळं.

पण ही पाटी वीस-पंचवीस रुपयांपुरतीच चालते. आकडा लाखांत गेला की तीच म्हण शीर्षासन करते : आज माल, उद्या पैसे! भोसरीच्या नाहीतर सातपूरच्या कुठल्याही वर्कशॉपवाल्याला विचारा. माल गेटवर उशिरा पोचला तर दंड ठरलेला. बिलाचे मात्र नव्वद दिवस, आणि तेही बिल 'सिस्टीमला पडल्यापासून'. फोन केला की क्वालिटीवाल्यांची सही राहिलेली असते. सही झाली की साहेब टूरवर. साहेब आले की मार्च एंड. एप्रिलमध्ये नवं बजेट यायचं असतं.

उसाचीही तीच तऱ्हा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तरी 'बिल निघालं का?' हा प्रश्न दर हंगामात गावोगाव ऐकू येतो. गव्हाणीत पडलेला ऊस थांबत नाही. थांबतं ते बिल.

सरकारनं काही केलं नाही असं कोण म्हणेल? २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि असला तरी फार तर ४५ दिवसांत चुकते करायचे. चुकलात तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. एवढ्यानं भागेना म्हणून २०२३ च्या अर्थसंकल्पानं आयकराचा चिमटा काढला : मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चाची वजावट नाही. कागदावर सावकारानंही हेवा करावा, अशी ही वसुली.

फक्त त्यासाठी तक्रार करावी लागते, म्हणजे ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी, त्याच्यावरच. कायदा वर्कशॉपवाल्याच्या बाजूने, ऑर्डर साहेबांच्या खिशात. मग तो चक्रवाढ व्याजाचा हिशेब मांडायच्या फंदात पडत नाही. दिवाळी आली की काजूकतलीचा बॉक्स घेतो आणि ज्यांच्याकडे आपले पैसे अडकलेत, त्या अकाउंट्सवाल्यांना 'आमच्यावर लोभ असू द्या' म्हणून हात जोडून येतो.