नंदुरबार तिथी पाहून बघावं

नंदुरबार जिल्ह्याबद्दल बाहेरच्या माणसाची एक ठरलेली तक्रार असते : ‘बघण्यासारखं काही नाही हो तिकडे.’ तक्रार खोटी नसते. फक्त ती चुकीच्या दिवशी केलेली असते. शनिवार-रविवारला जोडून आलेली एक सुट्टी, मोबाइलमधला नकाशा आणि डिकीत चिवड्याची पिशवी एवढ्या भांडवलावर महाबळेश्वर बघता येतं, कारण महाबळेश्वर रोज उघडं असतं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा मात्र बराचसा तिथीवर चालतो. तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की तो नकाशात शोधण्याऐवजी पंचांगात शोधावा. धडगाव तालुक्यातला अस्तंबा घ्या. उंची सुमारे १,३२५ मीटर. मे महिन्यात गेलात तर तो निव्वळ डोंगर असतो : ऊन, दगड, वाळकं गवत आणि ‘इथं नेमकं आहे काय?’ हा सोबतच्या मंडळींचा प्रश्न. धनत्रयोदशीच्या सुमाराला त्याच वाटेवर झेंडे आणि बॅटऱ्या घेऊन हजारो माणसं रात्रभर चालत असतात. कपाळावरची भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा इथं तेल मागत फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असं सांगतात. वाटाड्या चिरंजीव, म्हणजे तो रजेवर जाण्याचा प्रश्नच नाही. तरी माणसं त्याच्याकडे जातात ती दिवाळीतच.

सारंगखेड्याचंही तेच. तापीकाठी एकमुखी दत्ताचं देऊळ आहे, नदी आहे, आणि एरवी एक मोकळं मैदान आहे. दत्तजयंती आली की त्या मैदानात घोड्यांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक आधी घोड्याचा ओठ वर सारून दात बघतं. मग अंगावरून हात फिरवत भोवरे शोधतं, कारण भोवरा भलत्या जागी निघाला तर सौदा तिथंच मोडतो. मग मालक रेवाल चाल दाखवायला लगाम सैल सोडतो आणि आजूबाजूचे सगळे आपापलं मत देतात, त्यांतल्या निम्म्यांना घोडा घ्यायचाच नसतो. इतक्या बारकाईने आपल्याकडे कोणी फ्लॅटसुद्धा बघत नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी तर एका रात्रीची. खूप उंच बांबू, त्यासाठीचा खड्डा हत्याराशिवाय हातांनीच उकरलेला, अंगावर राखेचे ठिपके काढलेले आणि कमरेला घुंगरू बांधलेले बावा आणि बुध्या, रात्रभर ढोल, आणि पहाटे होळी पेटते. दुपारी बाराला उठून ‘होळी कुठाय?’ विचारणाऱ्याला राख दाखवतात.

यावर पहिला आक्षेप सुशिक्षित असतो. ही जत्रा झाली, हे पर्यटन नव्हे. गर्दी, धूळ आणि भोंगे म्हणजे काही ‘अनुभव’ नव्हे. ज्यांचा हा आक्षेप परदेशाकडे बघून असतो, त्यांनी उत्तरही परदेशातलंच घ्यावं. आयर्लंडच्या केरी परगण्यात किलॉर्गलिन नावाचं लहानसं गाव आहे. तिथं दरवर्षी १० ते १२ ऑगस्टला डोंगरातला रानबोकड धरून आणतात, त्याला मुकुट घालून राजा करतात आणि उंच मचाणावर चढवतात. जगभरचे लोक विमानाची तिकिटं काढून तो बघायला जातात आणि त्याला संस्कृती म्हणतात. त्याच देशात जुलैच्या शेवटच्या रविवारी ७६४ मीटरचा क्रोग पॅट्रिक चढायला भाविक लोटतात, काही तर अनवाणी. न्यूग्रेंजच्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात हिवाळी अयनदिनाच्या सकाळी सूर्याचा किरण जेमतेम सतरा मिनिटं आत शिरतो आणि त्या क्षणी आत उभं राहायला मिळावं म्हणून लोक सोडतीत नाव टाकतात. म्हणजे तिकडचा शहाणा माणूसही मुहूर्त काढूनच निघतो. आपण मात्र गुगलवर तारे मोजून परततो.

तिथीचा हा आग्रह केवळ देवादिकांचा असता तर मीही त्यावर इतका विसंबलो नसतो. सरकारही तिथी पाळतं : शहादा तालुक्यातलं टेंभली हे गाव २९ सप्टेंबर २०१० रोजी देशाच्या मध्यभागी आलं, कारण देशातलं पहिलं आधार कार्ड तिथं दिलं गेलं. पंतप्रधान आले, कॅमेरे आले, दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा आपल्या जागी गेलं. आणि खुद्द नंदुरबार शहरात ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार त्यात गेले. शिरीषकुमारचं वय तेव्हा पंधरा. माणिक चौकातलं स्मारक वर्षभर उभंच असतं, पण बाजाराच्या वर्दळीत त्याच्याकडे मान वळवणारे किती? ९ सप्टेंबरला मात्र ते दिसतं. उलट तारखेशिवायचा इतिहास कसा दिसतो हे बघायचं तर प्रकाशाला जावं. तापी-गोमाईच्या संगमावरच्या टेकाडात १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे जाणारी वस्ती सापडली. आज बघणाऱ्याला तिथं दिसतं ते टेकाड. गर्दी असते ती केदारेश्वराला, कारण प्रकाशा केल्याशिवाय काशी पुरी होत नाही, असा इकडचा नियम आहे. (काशीला तो कळवला आहे की नाही, कोण जाणे.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तुम्ही चार तिथी सांगून मोकळे व्हाल, पण जिल्ह्याला रोजगार बारमाही हवा आणि त्यासाठी पर्यटकही बारमाही हवा. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच पंचांग आधी बघावं असं वाटतं. दिवाळी सरली की सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि होळीला परत येतात. काठीची होळी भरते कारण माणसं घरी असतात. तिच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात पैसा खेळतो तो हंगामाची मजुरी हातात आलेली असते म्हणून. जानेवारीत ‘आदिवासी संस्कृती’ बघायला आलेल्या पाहुण्याला कुलूप बघायला मिळतं, आणि कुलपाला पाहुणचार येत नाही. रोजगार घरी राहिला तर तिथीही वाढतील. उलट क्रमाने रिसॉर्ट बांधले तर पावत्या तेवढ्या वाढतील. शिवाय ज्याचं काम असतं त्याला इथं बारमाही बघायला मिळतंच. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्याने जाताना नवापूरला थांबला आणि लिहून गेला तो तांदळाबद्दल : दाणा बारीक, शिजल्यावर बर्फाहून पांढरा, वास कस्तुरीचा, आणि इराणात कुणाला खूश करायचं तर याचं पोतं न्यावं. व्यापाऱ्याची नजर ती. त्याच नजरेने हिवाळ्यात नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर जावं. तोंडाला फडकं बांधून देठ खुडणाऱ्या बायका आणि नजर पोहोचेल तिथवर पसरलेली लाल मिरची बघताना पहिल्या मिनिटाला फोटो सुचतो, दुसऱ्याला शिंक येते, तिसऱ्याला भाव विचारला जातो. तोवर माणूस पर्यटक उरलेला नसतो.

आता उरला तिसरा आक्षेप, आणि तो खराच आहे : काही गोष्टी तिथी मानत नाहीत. तोरणमाळच्या यशवंत तलावाला महाशिवरात्रीशी देणंघेणं नाही. सीताखाईत धबधबा कोसळतो तो पावसाच्या लहरीने, आणि त्या दिवसांत वर धुकं इतकं असतं की धबधबा बघायचा की ऐकायचा हे तेच ठरवतं. उनपदेवचं पाणी गोमुखातून रोज गरमच येतं. आणि नवापूरचं रेल्वे स्टेशन तर चोवीस तास अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकिटाची खिडकी इकडे, स्टेशनमास्तर तिकडे, घोषणा चार भाषांत. खिशात बाटली असलेला प्रवासी (परवाना आहे असं धरून चालू) फलाटाच्या एका टोकाला सज्जन आणि दुसऱ्या टोकाला गुन्हेगार असतो, मधे फक्त थोडं चालणं. तिथल्या प्रसिद्ध बाकाच्या मधोमध रेघ आहे, म्हणजे एकाच बाकावर एका बाजूचं नवं वर्ष गुढीपाडव्याला लागतं आणि दुसऱ्या बाजूचं दिवाळीनंतर. रेघेवर बसणाऱ्याने कोणतं पंचांग विकत घ्यावं, हे मात्र रेल्वेने अजून कुठल्याच भाषेत जाहीर केलेलं नाही.