दिसलं, सर!

एफ.वाय.बी.एस्सी.च्या प्रत्येक बॅचमध्ये एक दिसलंराव असतो. अ‍ॅडमिशनच्या यादीत त्याचं नाव काहीही असो, झूलॉजीच्या पहिल्या प्रॅक्टिकलनंतर ते फक्त हजेरीपुरतं उरतं. आमचा दिसलंराव एस.टी.ने गावाहून यायचा. कडक इस्त्रीचा अ‍ॅप्रन, खिशावर बहिणीने लाल दोऱ्याने भरलेली आद्याक्षरं आणि काखेत डिसेक्शन बॉक्स. आमच्या कात्र्या दिवाळीपर्यंत गंजायच्या. त्याची मार्चमध्येही लखलखीत असायची, कारण ती पेटीबाहेर येतच नसे. झुरळाचे मुखावयव सुटे करायचे असले की काडेपेटीतून झुरळ तो आणायचा, हात शेजाऱ्याचे चालायचे, आणि जर्नलमध्ये आकृती सगळ्यांत आधी याची तयार व्हायची.

पण त्याची खरी कीर्ती झाली ती मायक्रोस्कोपवर.

आमच्या लॅबमधले मायक्रोस्कोप आरशाचे होते. खाली गोल आरसा, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने अंतर्वक्र. तो खिडकीकडे वळवून उजेड पकडायचा आणि वर डोळ्यापर्यंत पोचवायचा. हे यंत्र ज्याने काढलं त्याला आपल्याकडची कॉलेजं ऐन पावसाळ्यात सुरू होतात याची कल्पना नसावी. जुलैचे ढग, दिवसाढवळ्या ट्यूबलाइट, खिडकीजवळच्या टेबलासाठी ढकलाढकली आणि एका मायक्रोस्कोपवर चौघं. अशा उजेडात कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पाहायच्या.

नवख्याला पहिल्यांदा दिसतात त्या स्वतःच्याच पापण्या. मग कव्हर स्लिपखाली अडकलेला हवेचा बुडबुडा. काळ्या जाड कडेचा, गोल गरगरीत, आणि इतका देखणा की पेशी म्हणतात ती हीच, अशी कोणाचीही खात्री पटावी. नोजपीस अर्धवट फिरलं असेल तर नुसता अंधार. आणि ४५ एक्स लावून मोठा स्क्रू जरा जास्त फिरला की 'कच्च' असा आवाज येतो, आणि त्यानंतर स्लाइडऐवजी लॅबच्या मामांचा चेहरा दिसतो.

सर फेरी मारत यायचे आणि विचारायचे, "दिसलं का?"

"नाही सर" म्हणणारा कामातून गेला. सर त्याच्या स्टुलावर बसत, आरसा हलवत, स्क्रू फिरवत आणि फिरवता फिरवता इंग्रजीतून प्रश्न विचारत. दहावीपर्यंत पेशीपटल आणि केंद्रक शिकलेल्या पोराला सेल मेम्ब्रेनची फंक्शन्स उभ्याने सांगावी लागत. त्यामुळे 'नाही' हा शब्द आमच्या बॅचमधून ऑगस्टच्या आतच नाहीसा झाला. पण बाकीचे घाबरत घाबरत, भुईकडे बघून 'हो' म्हणायचे. दिसलंरावाने त्याची कला केली.

ती जवळून पाहण्यासारखी होती. आधी डावा तळहात डाव्या डोळ्यावर. उजवा डोळा आयपीसला, तोंड किंचित उघडं. मग बारीक स्क्रू एक केसभर पुढे, एक केसभर मागे. 'हं' असा एक आवाज, मोठा नाही, आपल्याशीच. इथे कच्चा खेळाडू डोकं वर काढेल. हा काढत नसे. स्लाइड बोटाने थोडी डावीकडे सरकवायचा, कारण ज्याला दिसतं त्याला आणखी पाहावंसं वाटतं, हे त्याला ठाऊक होतं. एवढं झालं की विठोबाच्या पायांवर डोकं टेकवून आलेल्या वारकऱ्याच्या चेहऱ्याने वर बघायचा आणि म्हणायचा, "दिसलं, सर."

एकदा हे सगळं आरसा भिंतीकडे असताना झालं.

जर्नलमध्ये तर त्याला तोड नव्हती. आमच्या जर्नलचं डावं पान कोरं, उजवं रेघांचं. कोऱ्यावर आकृती, नावं उजव्या हाताला एकाखाली एक, निर्देशरेषा पट्टीने मारलेल्या आणि शेडिंग अजिबात नाही. दिसलंराव मांडीवर एस. एस. लाल यांचं प्रॅक्टिकल झूलॉजी उघडं ठेवायचा आणि डोळे मायक्रोस्कोपला लावून हाताने पुस्तकातलं चित्र काढायचा. सर्टिफिकेटवर सही घ्यायला जर्नल गेलं की पानोपानी लाल शाईत 'गुड'. आमच्या बॅचमधल्या एका मुलीने मात्र गालाच्या आतल्या पेशी दिसल्या तशाच काढल्या: एकमेकींवर पडलेल्या तीन, एकीची कड दुमडलेली, शेजारी मेथिलीन ब्लूचा डाग आणि एक आडवा धागा, बहुधा रुमालाचा. आकृतीखाली शेरा आला, 'रीड्रॉ'. तिने दिसलंरावाचं जर्नल मागून नेलं. पुढच्या आठवड्यात तिलाही 'गुड' मिळालं.

मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन पाहायचं होतं त्या दिवशी दिसलंरावाने कळस केला. तयारी मोठी असते. कांदा ग्लासातल्या पाण्यावर टेकवून मुळं फुटू द्यायची, सकाळी त्यांची टोकं कापून अ‍ॅसिटिक अल्कोहोलमध्ये टाकायची, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, मग अ‍ॅसिटोकार्मिन, मग स्पिरिटच्या दिव्यावर हलकी ऊब. टोकाचा लालसर तुकडा स्लाइडवर घ्यायचा, वर कव्हर स्लिप ठेवायची आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टकटक करत तो चपटा करायचा. 'हलक्या हाताने' असं सरांनी सांगून होईपर्यंत निम्म्या कव्हर स्लिपा फुटलेल्या होत्या. मामा डबीकडे बघून मोठ्याने आकडे मोजत होते.

आणि सगळ्यांच्या स्लाइडमध्ये एकच दृश्य, इंटरफेज. म्हणजे पेशी विभाजनाच्या विचारातही नाहीत. शेवटी सर स्वतः एका मायक्रोस्कोपला चिकटले. बऱ्याच वेळाने त्यांच्या तोंडून "सापडली!" असा उद्गार निघाला. मेटाफेज! सरांचा चेहरा त्या वर्षात इतका आनंदी आम्ही परत पाहिला नाही. "रांगेत या. कोणी हात लावायचा नाही. टेबलाला टेकायचं नाही. श्वाससुद्धा जपून."

पहिल्या तिघांनी खरोखर पाहिलं. चौथ्याच्या अ‍ॅप्रनची बाही स्लाइडला लागली आणि ती सरकली. त्याने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, "दिसलं" म्हणाला आणि सटकला. पाचवा दिसलंराव. तळहात, डोळा, हं, सगळं यथासांग झालं आणि मग त्याने चक्क इंग्रजीला हात घातला, "सर, क्रोमोसोम्स इक्वेटरवर आहेत. स्पिंडल फायबर्स पण क्लिअर दिसतायत."

आता अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये गुणसूत्रं रंगतात, स्पिंडलचे धागे रंगत नाहीत. आमच्या त्या मायक्रोस्कोपखाली ते दिसणं शक्यच नव्हतं. पण रांगेतल्या सहाव्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाला स्पिंडल फायबर्स दिसले. एकीला तर सेंट्रिओलही दिसले. ते कांद्याला मुळी नसतातच. शेवटी सर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. स्क्रूला हात लावला, काढला. तेवढ्यात विभागप्रमुख मॅडम दारात. "मिळाली का मेटाफेज?"

"हो मॅडम," सर सरळ होत म्हणाले, "सगळ्यांनी पाहिली."

मॅडमनी चष्मा काढून आयपीसला डोळा लावला. "छान आलीये," म्हणाल्या आणि गेल्या.

खोटारडा म्हणून दिसलंरावाला मोडीत काढणं सोपं आहे. पण त्याचं घराणं मोठं आहे. हॉलंडच्या निकोलास हार्टसूकरने १६९४ मध्ये शुक्राणूचं एक चित्र छापलं. त्याच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला अख्खा माणूस होता. आपल्याला तो दिसला असं मात्र त्याने म्हटलेलं नव्हतं. दिसू शकला असता तर कदाचित असा दिसला असता, एवढंच. दिसलंराव इतका प्रामाणिक नव्हता, पण जात तीच.

त्याहून जवळचा दाखला गुणसूत्रांचाच आहे. थिओफिलस पेंटर या अमेरिकी शास्त्रज्ञाला माणसाची गुणसूत्रं ४६ की ४८ याबद्दल आधी शंका होती. १९२३ मध्ये त्याने ४८ वर शिक्का मारला आणि पुढची तीसेक वर्षं ४८ हाच आकडा चालला. पाठ्यपुस्तकांत ४८, परीक्षेत ४८. स्वीडनमध्ये लुंडच्या काही संशोधकांनी मानवी गर्भाच्या यकृतातल्या पेशींवर चाललेलं काम मध्येच थांबवलं, कारण काही केल्या ४८ भरेनात! शेवटी १९५६ मध्ये त्याच लुंडमधून जो हिन चिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी छापलं की ती ४६ च आहेत. जिथे शास्त्रज्ञ पुस्तकातला आकडा भरला नाही म्हणून आपल्या स्लाइडवर संशय घेतात, तिथे आमच्या पोराला एस.टी. गाठायची होती हेही लक्षात घ्यावं.

वार्षिक परीक्षेत स्पॉटिंग असायचं. टेबलांवर ओळीने बरण्या आणि स्लाइड, घंटा वाजली की एक घर पुढे. दिसलंराव प्राणी ओळखत नसे, बरणी ओळखायचा. झाकणाला मेण लावलेली ती अ‍ॅस्कॅरिस, काच चिरलेली ती स्टारफिश, लेबल उलटं चिकटवलेला तो उडता मासा. वर्षभर ही पद्धत बिनचूक चालली. परीक्षेच्या आदल्या दिवशी समुद्रघोड्याच्या बरणीतून फॉर्मॅलिन गळू लागलं म्हणून मामांनी तो उचलून मेणाच्या झाकणाच्या बरणीत ठेवला. दुसऱ्या दिवशी दिसलंरावाने स्वच्छ अक्षरात लिहिलं, की हा प्राणी माणसाच्या लहान आतड्यात राहतो आणि न धुतलेल्या भाजीपाल्यातून त्याची अंडी पोटात जातात.

एक्स्टर्नल सरांनी तोंडीला त्याच्यासमोर बरणी धरली. "हा? आतड्यात?"

"हो सर. नीट शिजवून खाल्लं तर होत नाही."

पण देव एका हाताने काढून घेतो तसा दुसऱ्या हाताने देतो. सातव्या नंबरच्या मायक्रोस्कोपला परीक्षेपुरता दिवा लावला होता, तो आमच्या बॅचच्या आधीच गेला होता. "सर, काही दिसत नाही," असं म्हणणाऱ्या दोघांना 'आधी फोकस करायला शिका' म्हणून ऐकून घ्यावं लागलं. दिसलंरावाने गांडुळाचा आडवा छेद, टिफ्लोसोलच्या भागातला, असं लिहून खाली चार लक्षणंही लिहिली. सातव्या नंबरला वर्षानुवर्षं तीच स्लाइड लागते हे त्याने सीनियरांकडून काढून ठेवलं होतं. पूर्ण मार्क.

त्याला खरोखर काही दिसलं असा प्रसंग माझ्या माहितीत एकच. पावसाने उघडीप दिली होती, लॅबमध्ये पहिल्यांदा तिरपं ऊन आलं होतं आणि सर चहाला गेले होते. वाळलेलं गवत पाण्यात कुजवून त्यात पॅरामेशियम वाढवलेले होते. त्यातला एक थेंब दिसलंरावाच्या स्लाइडवर होता. आणि एकाएकी तो स्टुलावरून उठलाच, "अरे, काहीतरी पळतंय!" तळहात नाही, हं नाही. आवाज चिरकलेला. आम्ही खिडकीकडून धावत त्याच्या टेबलाशी पोचलो, तर हा सिंकपाशी, नळाखाली स्लाइड चोळतोय.

"धुतलीस?"

"मग काय करू? पाण्यात घाण होती रे. इकडून तिकडे नुसती फिरत होती." तो अजून धापा टाकत होता. "पॅरामेशियम कसं, चपलेच्या तळव्यासारखं एका जागी असतं." आणि पुसलेली स्लाइड जागेवर लावून, लाल उघडून, त्याने चपलेचा तळवा काढायला घेतला. बाजूने बारीक बारीक सीलिया, एकेक मोजून काढल्यासारखे.

पुढे तो विमा विकू लागला आणि चांगला विकू लागला. वीस वर्षांनंतर मिळणाऱ्या रकमा त्याला कागदावर आजच दिसतात आणि समोरच्यालाही दिसायला लागतात. बिल्डरने मोकळ्या माळावर उभं करून "इथे गार्डन, इथे मुलांना खेळायला जागा" असं दाखवलं, तेव्हा बायको काटेरी झुडपं बघत होती. हा म्हणाला, "दिसलं." फ्लॅट घेतलाही.

मध्यंतरी त्याची बायको बाळंतपणाआधीच्या सोनोग्राफीची हकीकत आमच्या घरी येऊन सांगत होती. आत डॉक्टरीणबाई पडद्यावर बोट ठेवून दाखवत होत्या, हे डोकं, हा पाठीचा कणा, हे बघा हृदय. हिला राखाडी मुंग्यांशिवाय काही दिसेना, म्हणून डोळ्यांत पाणी आलेलं. हा स्टुलावर पुढे सरकून बसला, डावा डोळा झाकला आणि म्हणाला, "दिसलं, मॅडम! एकदम क्लिअर. अगदी बहात्तर तासांच्या चिक एम्ब्रियोसारखं."

डॉक्टरीणबाई हसल्या. पण सासूबाईंना अजून कोणीतरी नीट समजावून सांगायचं आहे, कारण जावयाने नातवाला कोंबडीचं पिल्लू म्हटलं एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं आहे, आणि बारशाला त्या याच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.