घरटेकाका

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत वाडीवाडीत हल्ली एक घरटेकाका सापडतो. उभी हयात मुंबईत बँकेत नाहीतर विमा कंपनीत गेलेली, फंडाच्या पैशात नारळी-पोफळीतलं घर झालेलं आणि ग्रॅच्युइटीत लेन्स आलेली. ही लेन्स कपाटात मावत नाही, म्हणून ती देवघरात असते.

फणसाडला किंवा कर्नाळ्याला पक्षी बघायला जाणारे ते हौशी, असं काकांचं मत. त्यांचा अभ्यास घरच्या घरी. ओटीवरच्या टांगत्या कुंडीत बुलबुलाच्या जोडप्याने काड्या आणायला सुरुवात केली, की घरात संचारबंदी लागते. पंखा बंद. धुणं परसात. झोपाळ्याच्या कड्यांना आधी तेल, मग झोपाळ्यालाच रजा. खरं तर बुलबुलाला एवढ्या बंदोबस्ताची गरज नसते. वर्दळीला सरावला म्हणूनच तो ओटीवर येतो. पण काकांना सांगणार कोण? ते हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे घालून पांढऱ्याशुभ्र भिंतीला चिकटून उभे असतात आणि रस्त्यावरच्या एसटीतूनही स्पष्ट दिसतात.

नारळ पाडायला आलेल्या गड्याला त्यांनी एकदा बजावलं, पिल्लं उडेपर्यंत वाडीत आवाज नको. तो कमरेचा कोयता सावरत म्हणाला, "नारल काय इचारून परतो, साहेब?"

काकांचं दैवत म्हणजे पक्षितज्ज्ञ सालिम अली. त्याला कारणही आहे. संग्रहालयातली नोकरी गेल्यावर १९३० साली सालिम अली पत्नी तेहमिना यांच्यासह याच पट्ट्यातल्या किहीमला राहिले आणि तिथल्या सुगरणींचा त्यांनी चिकाटीने अभ्यास केला. नर घरटं अर्धवट विणून थांबतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर मुक्काम करते. मग नर ते पुरं करतो आणि दुसरीसाठी दुसरं विणायला घेतो. अंडी उबवणं मादीकडेच. एवढा भाग काका प्रत्येक पाहुण्याला जरा जास्तच रंगवून सांगतात. काकू चहाचे कप ठेवताना म्हणतात, "अर्धवट टाकून उठायचं तेवढं यांनी बरोब्बर उचललंय. मोरीचा नळ बघा."

सालिम अली तासन् तास नोंदी करत. काकांना मात्र फोटो हवा असतो, तोही पिल्लाच्या लाल घशापर्यंतचा. मधे येणारं पान त्यांनी कपड्यांच्या चिमट्याने बाजूला धरून ठेवलं, तेव्हा माझं कौतुक आटलं. पान हटलं की लेन्सला दिसतं तेच कावळ्याला आणि भारद्वाजालाही दिसतं, आणि त्या दोघांना फोटो नको असतो. काकांनी चिमटा काढला, पण माझं ऐकून नव्हे. कावळा खरंच येऊन कुंडीवर बसला तेव्हा. मग दोन दिवस ते काठी घेऊन कावळ्यांच्या मागे वाडीभर फिरले आणि त्या धावपळीत बुलबुलांना प्रथमच निवांतपणा मिळाला.

उबवायला साधारण दोन आठवडे, पिल्लं बाहेर पडायला जवळपास तेवढेच. त्या सकाळी काका पहाटेपासून तिकाटण्यामागे होते. पिल्लू उडालं तेव्हा मात्र ते बॅटरी चार्जिंगला लावायला आत गेले होते. घरटेकाकांच्या अख्ख्या जमातीत पिल्लू उडताना पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. ते नेहमी भांडी घासणाऱ्या बाईंना दिसतं. "गेलं की ते मघाशीच," त्या म्हणाल्या. काका दिवसभर जेवले नाहीत.

काकूंनी पंखा लावला, झोपाळ्यावर बसून भाजी निवडली, ओटीवर लुगडी वाळत घातली. चार दिवस घर माणसांचं होतं. पाचव्या दिवशी शिंजिराची मादी चोचीत कोळ्याचं जाळं घेऊन दाराच्या बेलच्या वायरीवर येऊन बसली.

काकांनी फ्यूज काढला. दारावर पाटी लागली आहे: 'बेल बंद आहे. हाक मारू नये. कडी वाजवू नये.' आत कसं यायचं, ते पाटीवर लिहिलेलं नाही.