वीस बाय पंधराचा काजू

तुम्हाला म्हणून सांगतो, मला सरसकट नियम लावायची भारी हौस. आमच्या परड्यात इथल्याच, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या काजूची कलमं आहेत, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७. त्यांच्या बियांचा हिशेब मी वहीत ठेवायचो. भाचीने लॅपटॉपवर पायथन चढवून दिलं, मॅटप्लॉटलिबमध्ये आलेख काढायला शिकवलं आणि म्हणाली, "मामा, रंग, अक्षर, रेघेची जाडी, सगळं फाइलच्या सुरुवातीला आरसीपॅराम्समध्ये एकदा लिहा, त्या फाइलमधले आलेख तसेच येतील."

एका फाइलपुरतं? छे! मी सगळ्यांचीच आई असलेली मॅटप्लॉटलिबआरसी नावाची फाइल हुडकून काढली आणि तिच्यात हात घातला. मूळ आकार दिसला ६.४ बाय ४.८. एवढ्याशा सेंटिमीटरांत दोन कलमं मावणार कशी, म्हणून मी केला २० बाय १५, पार्श्वभूमी आमसुली केली, आणि सुबक दिसावं म्हणून इंचामागचे ठिपके १०० चे ३०० केले. 'इंचामागे' असं स्वतः वाचूनही बाकीचं माप इंचात असेल, ही शंका मला शिवली नाही.

आलेख उघडायला लॅपटॉप धापा टाकू लागला. उघडला तेव्हा नुसता कोपरा दिसला, मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. मूळ टंकात देवनागरीच नव्हती. मंगल टंक घातला, तर 'वेंगुर्ला'चा रफार गळून र लंगडा उभा आणि 'किलो'ची वेलांटी 'ल'च्या डोक्यावर. तरी कौतुकाने जोडून जोडून छापलं. शेजारचे दादा म्हणाले, "काकानू, ह्यो आलेख काय माटवाचो पडदो?"

मग मूळपदावर आणणारी आज्ञा सापडली, आरसीडिफॉल्ट्स. बजावली, आलेख पांढराशुभ्र, मी लॅपटॉप मिटून निवांत झोपलो. सकाळी पाहतो तर आमसूल हजर. ती आज्ञा त्या बैठकीपुरतीच, फाइल जशीच्या तशी. मॅटप्लॉटलिबवाल्यांनी २०१७ साली दुसऱ्या आवृत्तीत मूळ रंगरूप बदललं, तेव्हा जुनं 'क्लासिक' नावाने जपून तरी ठेवलं. मी बदलण्याआधीच्या फाइलची प्रत कुठे ठेवली होती?

तेवढ्यात भाची सुट्टीला आली, त्याच लॅपटॉपवर घाईघाईत सेमिनारचे आलेख काढून न बघताच घेऊन गेली. कॉलेजात सरांनी विचारलं, "हा रंग कुठल्या आधारावर निवडलास?"

"मामाच्या," ती म्हणाली.